राणीच्या बागेतली सावली

सोलापूरहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते. तामलवाडी, तुळजापूर भागातून मोठ्या तपासणीसाठी मुंबई गाठणाऱ्यांचा हा नेहमीचा रस्ता. गेल्या हिवाळ्यात मीही अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन त्याच गाडीने गेलो. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी अहवाल पाहिले, गोळ्या तशाच ठेवल्या आणि विचारले, ‘‘रोज चालता का?’’

‘‘शेतकऱ्याला चाल म्हणून सांगावं लागतं व्हय?’’ अण्णा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. ‘‘शेतात कशाने जाता?’’ त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. अण्णा गप्प झाले. शेतात आता मोटारसायकलने जाणे होते, विहिरीवरची मोटर मोबाइलवरून सुरू होते आणि आजारपणानंतर जड कामे माझ्याकडे आली आहेत. शेतकरी असणे आणि चालणे या दोन गोष्टी आमच्या घरात कधी वेगळ्या झाल्या, ते कळलेच नव्हते.

परतीची गाडी रात्रीची होती. मधला वेळ काढायला आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. स्थानकापासून ती थोड्याच अंतरावर आहे. (बुधवारी बाग बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.) 1862 मध्ये ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ही बाग सुरू झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. बहुतेक लोक प्राणी पाहायला येतात आणि 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांपुढे गर्दी असते. मुळात मात्र हे वनस्पती उद्यान आहे. आफ्रिकेतून आलेली, पाण्याचा साठा खोडात ठेवणारी गोरखचिंच, खोडालाच फुले येणारा कैलासपती, लालसर फुलांचे झुबके लोंबवणारी उर्वशी असे वृक्ष इथे एकाच फेरीत दिसतात.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि 1975 मध्ये त्याला हे नाव मिळाले. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. कुष्ठरोगावर वनौषधींचा उपयोग होतो का, याचा त्यांनी शोध घेतला. एका वैद्याचे नाव झाडांच्या शेजारी असावे, हे योग्यच वाटते.

‘‘आपल्या लिंबाखाली बसायला तिकीट लागत नाही,’’ असे म्हणत अण्णा आत शिरले. पण ते चालत राहिले. थोडे चालायचे, बाकावर बसायचे, पुढचे झाड दिसले की उठायचे. बाहेर पडताना घड्याळ पाहिले, तर जवळपास दोन तास झाले होते. गावात हेच अण्णा दहा मिनिटांत परत येतात.

असे का होते? पहिले कारण साधे आहे. झाड ऊन अडवते, शिवाय पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवा थोडी निववते. उन्हात आपल्याला जो ताप जाणवतो तो केवळ हवेचा नसतो. सूर्याचा आणि तापलेल्या डांबराचा झळाही अंगावर येत असतो. सावलीत त्यातला मोठा भाग कमी होतो. हृदयाच्या रुग्णाला याचे महत्त्व अधिक, कारण अंग थंड ठेवण्यासाठी शरीर त्वचेकडे जादा रक्त पाठवते आणि तो भार हृदयावर पडतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून जीव कासावीस होतो. आपल्याकडे उलटे होते. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि शरीरातले पाणी किती गेले ते समजत नाही. म्हणून तहान लागायची वाट पाहू नये. मात्र हृदयविकारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर डॉक्टरांचेच ऐकावे.

दुसरे कारण मनाचे आहे. रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाने 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, पण त्याने एका मोठ्या विषयाला तोंड फुटले. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले, की आठवड्यात निदान 120 मिनिटे निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. ती मिनिटे एकदम घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात मुळात धडधाकट माणूसच जास्त बाहेर पडतो, हेही विसरू नये. बागेने आजार बरा होतो असा याचा अर्थ नाही.

‘झाडाखाली ऑक्सिजन जास्त मिळतो’ हा समजही तपासून घ्यावा. मोकळ्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे 21 टक्केच असते. झाडाचा फायदा सावली, गारवा, शांतता आणि पाय रेंगाळावेत अशी जागा, यात आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम कोंडला तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

पण चालायचे कुठे? तामलवाडी सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने चालायचे तर अंगाजवळून ट्रक जातात. पुरुष कसेबसे जातात, बायका तर बाहेर पडायलाच कचरतात. ‘रोज चाला’ हा सल्ला चिठ्ठीवर लिहिणे सोपे आहे, तो पाळायला वाट लागते.

त्यासाठी राणीची बाग हवी असे नाही. शाळेच्या मैदानाभोवती किंवा गावठाणाला वळसा घालणारी, वाहनांपासून दूर असलेली एक पायवाट पुरे. तिच्या कडेला कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, आणि मध्ये मध्ये टेकायला दगडी ओटे. रोप लावणे हे एका दिवसाचे काम, खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी घालण्याची.

परतीच्या गाडीत अण्णा बराच वेळ खिडकीपाशी बसून होते. मग म्हणाले, ‘‘विहिरीपासून बांधापर्यंत लिंबं लावली तर? मोटर चालू करायला पायीच जाईन मग.’’ पावसाळ्यात आम्ही सात रोपे लावली. ती अजून कमरेएवढीच आहेत. अण्णा मात्र रोज सकाळी त्यांना पाणी घालायला जातात, आणि पायीच जातात.