चिनी कस्टमर केअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘कंपनी चिनी आहे, तक्रार करून काय उपयोग? तिकडे आपलं कोण ऐकणार?’ असं म्हणून कित्येक जण तक्रार नोंदवायच्या आधीच हात टेकतात. त्यांच्या हक्कांचं नुकसान इथेच होतं. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनमागे इथे नोंदलेली भारतीय कंपनी असते. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. तुमचा व्यवहार चीनमधल्या मूळ कंपनीशी झालेला नसतो, या भारतीय कंपनीशी झालेला असतो. त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो आणि त्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं, तरी साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. खरेदी ऑनलाइन असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणं अपेक्षित आहे.

जून २०२० मध्ये सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हापासून ‘आता त्यांच्या फोनची वॉरंटीही गेली’ असंही अनेकांना वाटतं. ती बंदी ॲप्सपुरती होती. फोनच्या वॉरंटीशी तिचा काही संबंध नाही.

चीनमधून कुणी येताना आणलेल्या वस्तूची गोष्ट मात्र वेगळी. तिथल्या बाजारासाठी बनवलेल्या फोनमध्ये गुगलच्या सेवा सहसा पूर्णपणे नसतात. घरातली काही स्मार्ट उपकरणं तर ॲपमध्ये ‘मेनलँड चायना’ हा विभाग निवडल्याशिवाय जोडलीच जात नाहीत. अशा वस्तूची वॉरंटी सहसा तिथल्यापुरतीच असते. इथलं सर्व्हिस सेंटर ती परत पाठवतं, ते अडवणूक म्हणून नव्हे.

सगळ्यात मोठा गैरसमज ओळखपत्राचा. पुण्यातल्या एखाद्या लहान कंपनीला चिनी गिऱ्हाइकांसाठी शांघायच्या सर्व्हरवर संकेतस्थळ चालवायचं असतं. सर्व्हर देणाऱ्या चिनी कंपनीचा सपोर्टवाला पासपोर्ट मागतो, कंपनीची कागदपत्रं मागतो आणि इथे शंकेची पाल चुकचुकते. पण जून २०१७ मध्ये लागू झालेला चीनचा सायबर सुरक्षा कायदाच सांगतो की इंटरनेट जोडणी, मोबाइल नंबर, डोमेन किंवा मेसेजिंगची सेवा देताना ग्राहकाची खरी ओळख घ्यायची आणि ती दिली नाही तर सेवा द्यायची नाही. शिवाय चीनच्या मुख्य भूमीतल्या सर्व्हरवरच्या संकेतस्थळाची उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे नोंद व्हावी लागते. कोणतंही चिनी संकेतस्थळ अगदी खालपर्यंत सरकवून पाहा. बारीक टाइपात एक क्रमांक दिसेल. त्याची सुरुवात प्रांताच्या एका चिनी अक्षरानं होते. तोच हा नोंदणी क्रमांक. तो नसेल तर सेवा पुरवणाऱ्याला संकेतस्थळ बंद ठेवावं लागतं. सपोर्टवाल्याशी कितीही वाद घातला तरी यात सूट देणं त्याच्या हातात नसतं.

म्हणून मागेल त्याला कागद द्यावेत असं मुळीच नाही. चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. माहिती कशासाठी हवी हे कंपनीनं सांगायलाच हवं, असं तो म्हणतो. तेव्हा ‘कोणत्या नियमानुसार आणि कशासाठी?’ असं बेधडक विचारा. कागदपत्रं कंपनीच्या अधिकृत पोर्टलवरच चढवा, चॅटमध्ये पाठवू नका. प्रतीवर ती कशासाठी दिली ते आडवं लिहा. चीनमधली माणसंही स्वतःच्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवर असंच लिहितात. भारतात घेतलेल्या फोनच्या दुरुस्तीसाठी कुणी चॅटवर आधारचा फोटो मागू लागला, तर तिथेच थांबा.

‘चीनमध्ये ग्राहकाला कसले हक्क?’ या प्रश्नामागेही अपुरी माहिती आहे. मार्च २०१४ पासून तिथे ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू कारण न देता ७ दिवसांत परत करता येतात. फसवणूक सिद्ध झाली, तर किमतीच्या तिप्पट भरपाई मागता येते. तक्रारीसाठी १२३१५ हा नंबर आहे. दर १५ मार्चला सरकारी दूरचित्रवाणीवर कंपन्यांची लबाडी उघडी पाडणारा कार्यक्रम असतो आणि भल्या मोठ्या ब्रँडनाही त्याची धास्ती वाटते. मात्र हे सगळं तिथल्या बाजारात खरेदी करणाऱ्यासाठी आहे. निर्यातीच्या मालाला करार लागू होतो.

चीनमधल्या विक्रेत्याचं उत्तर आलं नाही की लोक लगेच ‘पळाला’ म्हणतात. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा तिथे सहा वाजलेले असतात. वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षात, कामगार गावी जातात आणि कारखाने सरकारी सुट्टीपेक्षा जास्त दिवस बंद राहू शकतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही सुट्टीचाच. उलट, जोडसुट्टीची भरपाई म्हणून सरकार काही शनिवार-रविवार कामाचे ठरवतं, तेव्हा रविवारी उत्तर आलं तर बिचकू नका. तिथली ऑनलाइन खरेदी विक्रेत्याशी चॅटवर बोलण्याच्या सवयीतून वाढली. त्यामुळे लांबलचक ईमेल पडून राहतो आणि चॅटवरच्या दोन ओळींना उत्तर मिळतं. थेट नकार देणं बहुधा टाळलं जातं. ‘मदत कराल का?’ असं विचारू नका. कोणता सुटा भाग, कोणत्या तारखेला निघणार, भाडं कुणाच्या माथी, हेच विचारा.

भोसरीत किंवा इचलकरंजीत थेट चीनहून मशीन मागवणाऱ्यांनी आणखी एक समज सोडावा : ‘सेल्स मॅनेजरची सही आहे, म्हणजे पक्कं.’ तिथे व्यवहारात वजन कंपनीच्या शिक्क्याला असतं. लाल, गोल, मधे पाच टोकांचा तारा आणि कडेनं चिनी लिपीत कंपनीचं पूर्ण नाव. हे नाव व्यवसाय परवान्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. परवान्यावर अंक आणि अक्षरांचा १८ स्थानांचा कोड असतो. तो चीनच्या सरकारी कंपनी नोंदणी संकेतस्थळावर टाकला की कंपनी खरोखर आहे का ते कळतं. वाद झाला तर लवाद कुठे बसणार तेही करारात लिहून घ्या. भारत आणि चीन हे दोन्ही देश परदेशी लवाद निवाडे मान्य करण्याबाबतच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहेत. आणि ॲडव्हान्स पाठवताना खातं त्याच नावाचं आहे ना, ते पाहा. ‘बँक बदलली’ असा मेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खातरजमा होईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका.