काट्यांची साक्ष

उन्हाळ्याच्या दिवसांत माणसांनी आणि सामानाने भरलेली मोटार घाट चढत असते. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा मधल्या खुणेच्याही खाली असल्याने चालक निर्धास्त असतो. अचानक बॉनेटखालून वाफ येऊ लागते, इंजिन अडखळते आणि बंद पडते. गॅरेजमध्ये तपासणी झाल्यावर कळते, की रेडिएटरचा पाइप फुटून पाणी वाटेतच वाहून गेले होते. तापमान मोजणारे उपकरण इंजिनाच्या धातूचे नव्हे, तर त्याभोवती फिरणाऱ्या पाण्याचे तापमान मोजते. पाणी नाहीसे झाले की ते कोरडे पडते आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली उतरू शकतो. सिलिंडर हेड वाकणे, गॅस्केट जळणे असे मोठे खर्च या एका खोट्या साक्षीपायी पदरी पडतात. म्हणूनच चढावर काटा एकाएकी खाली आला, तर तोही गाडी थांबविण्याचा इशारा समजावा.

काटा चुकला की दोष काट्याला देण्याची रीत आहे. डॅशबोर्ड खोलून नवे मापक बसविले जाते. तेही जुन्यासारखेच चुकू लागते, तेव्हा गाडीचा मालक चक्रावतो. वस्तुतः काटा हा साखळीतील शेवटचा दुवा होय. मोजण्याचे काम दूर कोठेतरी, टाकीत अथवा इंजिनावर बसविलेले सेंडर नावाचे छोटे उपकरण करीत असते. त्याचा विद्युत रोध इंधनाच्या पातळीनुसार किंवा तापमानानुसार बदलतो, रोधानुसार तारेतील विद्युतधारा बदलते आणि धारेनुसार काटा सरकतो. सेंडर, तार, गाडीच्या सांगाड्याशी असलेली जोडणी म्हणजे अर्थिंग आणि वीजपुरवठा यांपैकी काहीही बिघडले, तरी खोटे बोलल्याचा आळ काट्यावरच येतो.

१९६० च्या दशकापासून अनेक ब्रिटिश मोटारींत वापरली गेलेली स्मिथ्स कंपनीची मापके या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. यांतील इंधनाच्या आणि तापमानाच्या काट्यामागे एक द्विधातूची पट्टी असते. तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून धारा वाहिली की पट्टी तापून वाकते आणि काट्याला ढकलते. पट्टी सावकाश तापत असल्यामुळे टाकीतील पेट्रोल हिंदकळले, तरी काटा नाचत नाही. मात्र या पट्टीला विजेचा दाब स्थिर लागतो आणि गाडीतील दाब तर इंजिन बंद असताना सुमारे १२ व्होल्ट, चालू असताना सुमारे १४ व्होल्ट असा बदलत राहतो. यासाठी दोन्ही मापकांच्या आधी एक व्होल्टेज स्टॅबिलायझर बसविलेला असतो. त्यातही द्विधातूची पट्टीच असते. ती तापून संपर्क तोडते, थंड होऊन पुन्हा जोडते. या उघडझापीतून सरासरी १० व्होल्टचा दाब मापकांना मिळतो.

दोष शोधताना ही रचना फार उपयोगी पडते. दोन्ही काटे एकाच वेळी वाजवीपेक्षा वर गेले, तर दोघांना समाईक असलेल्या स्टॅबिलायझरचा संशय घ्यावा. पुष्कळदा तो बिघडलेलाही नसतो. त्याचे अर्थिंग गंजलेले असते. अर्थिंग नसल्याने आतील पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि बॅटरीचा पूर्ण दाब मापकांपर्यंत जातो. कानशीने गंज घासून स्क्रू घट्ट केला, की एक पैसाही न खर्चता दोन्ही काटे ताळ्यावर येतात. दोन्ही काटे शून्यावरच राहिले, तर वितळतार तपासावी. ती शाबूत असेल, तर स्टॅबिलायझरचा संपर्क जळलेला असण्याचा संभव आहे. त्याच्या जागी आता १० व्होल्ट देणारा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझरही बसविता येतो.

एकच काटा चुकत असेल, तर त्याच्या सेंडरकडे वळावे. चावी बंद ठेवून सेंडरची तार काढावी, ती गाडीच्या सांगाड्याला जोडावी आणि मग काही क्षणांपुरतीच चावी चालू करावी. या रचनेत काटा शेवटच्या खुणेकडे जाऊ लागला, तर मापक व तार निर्दोष आहेत. दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी पडणे प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे इंधनाच्या बाबतीत ही जोडणी टाकीपासून दूर करणेच इष्ट. तापमानाच्या सेंडरचे अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. गळती थांबविण्याच्या हेतूने कोणी त्यांवर टेफ्लॉनची जाड टेप गुंडाळली, तर पाण्याची गळती थांबते, पण काटा गाडी थंड असल्याचे सांगू लागतो!

इंधनाच्या सेंडरमध्ये एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. तो पेट्रोलवर तरंगतो आणि दांडीचे दुसरे टोक रोधाच्या तारेवरून सरकते. फ्लोटला भोक पडून तो बुडाला, तर भरलेली टाकीही रिकामी दिसते. रोधाची तार एखाद्या ठिकाणी झिजली, तर नेमक्या त्या पातळीवर काटा घसरतो. शिवाय टाकी क्वचितच सरळ डब्यासारखी असते. म्हणून काटा अर्ध्यावर असला, तरी पेट्रोल अर्धे असेलच असे नाही. टाकी जवळजवळ रिकामी असताना ५-५ लिटर पेट्रोल भरीत जावे आणि प्रत्येक वेळी काटा कोठे थांबतो ते एका कागदावर टिपून ठेवावे. दांडी वाकवून काटा जुळविण्याच्या खटाटोपापेक्षा हा कागद अधिक भरवशाचा.

वेगमापकाची गोष्ट निराळी. ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत फिरणारे चुंबक एका धातूच्या वाटीला ओढते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्या ओढीला आवरते. चुंबक क्षीण झाले, तर वेग कमी दिसतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले, तरीही तसेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन-नियमानुसार मापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखविता कामा नये. अधिक दाखविण्यास मात्र खऱ्या वेगाचा दहावा भाग आणि वर ४ किलोमीटर इतकी मोकळीक आहे. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला ११४ चा आकडाही नियमात बसतो.

नव्या गाड्यांत संगणक काटे हलवितो. तेथे तार सांगाड्याला जोडून पाहण्याचा प्रयोग करू नये. निदान स्कॅनरनेच करावे. अशा अनेक गाड्यांत तापमान थोडेफार वरखाली झाले, तरी काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, जेणेकरून चालक उगाच धास्तावू नये. परिणामी तो वर सरकताना दिसतो, तेव्हा इंजिन नेहमीपेक्षा बरेच तापून गेलेले असते. अशा वेळी गाडी लगेच कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते पुरते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.