गरोदरपणात पाय सुजलेत? मसाजआधी बीपी मोजा

पायांची सूज उतरवण्यासाठी ‘लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज’ करावा का? समजून घ्या.

काय आहे हा मसाज?
पेशींभोवतीचे जादा पाणी लसीकावाहिन्या पुन्हा रक्तात पोहोचवतात. त्याला हलक्या हाताने वाट देण्याची पद्धत डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर दाम्पत्याने १९३०च्या दशकात विकसित केली. यात तेल लावून रगडणे नसते.

गरोदरपणाआधी
यामुळे दिवस लवकर राहतात किंवा चरबी घटते, याला ठोस पुरावा नाही.

गरोदरपणात
संध्याकाळी दोन्ही पावलांना येणारी सूज बहुधा साधी असते. पाय उंचावर ठेवा, थोडे चाला, कुशीवर झोपा. डॉक्टरांची परवानगी असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीकडून हलका मसाज घेता येतो.

मसाज नको, दवाखाना गाठा
• चेहऱ्यावर, हातांवर अचानक सूज, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा बीपी १४०/९० वा जास्त : प्रीएक्लॅम्पसिया असू शकतो. तो बाळंतपणानंतरही होतो.
• एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी व गरम : रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यास ती सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

बाळंतपणानंतर
सूज साधारण एक-दोन आठवड्यांत उतरते. सिझेरियन असेल, तर जखम भरेपर्यंत पोट चोळू नका. गुठळीचा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वाधिक, म्हणजे नेमका सव्वा महिन्याच्या मालिशीच्या काळात असतो. त्यामुळे पोटरी दुखत असेल, तर मालीश करणाऱ्या मावशींना आधी थांबवा.