हंगाम सहा महिन्यांचा, औषधही सहा महिन्यांचं

दिवाळी आटोपली की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागांतली अनेक बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. अशा घरात भाद्रपदात कुणाला क्षयरोग निघाला, तर उपचाराचा मोठा काळ फडावरच जातो. सरकारी कागदावर मग त्याची नोंद ‘उपचार सोडलेला रुग्ण’ अशी होते. खरं तर त्यानं गाव सोडलेलं असतं आणि औषध गावातच राहिलेलं असतं.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार १६८ दिवसांचा आहे. पहिले आठ आठवडे चार औषधं, पुढचे सोळा आठवडे तीन. पूर्वी आठवड्यातून तीनदा मिळणाऱ्या गोळ्या २०१७ पासून वजनानुसार रोज दिल्या जाऊ लागल्या. महिना-दीड महिन्यात ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो आणि रुग्णाला वाटतं, झालो बरा. पण मंद गतीनं वाढणारे जंतू फुफ्फुसात शिल्लक असतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात. मध्येच औषध थांबलं तर आजार उलटतो आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा होऊ शकतो.

म्हणूनच आशाताई किंवा गावातल्या एखाद्या जबाबदार माणसासमोर गोळी घेण्याची पद्धत आली. मात्र आशाताई रोज दारात दिसली की गल्लीत चर्चा होते. लग्नाच्या मुलीचा आजार आईबाप लपवतात, सुनेला माहेरी धाडलं जातं, तिचं ताट-तांब्या वेगळं होतं. जी देखरेख रुग्णाला आधार द्यायला हवी, तीच त्याला नकोशी होते. यावर उपाय सोपा आहे: गोळी कुणासमोर आणि कुठं घ्यायची, हे रुग्णाला ठरवू द्यावं.

ताट वेगळं करण्याला शास्त्राचा आधार नाही. क्षय भांड्यांतून पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका झपाट्यानं घटतो. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासानं दाखवून दिलं, की घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांचा धोकाही वाढत नाही.

तिसरी अडचण पोटाची. या गोळ्या रिकाम्या पोटाला, अशक्त शरीराला जड जातात. मळमळ होते, लघवी लालसर दिसते, माणूस घाबरतो. लघवीचा रंग औषधामुळे बदलतो, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. आहाराला त्यानं हातभार लागतो, पण बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

स्थलांतराची अडचण मात्र सोडवता येण्याजोगी आहे. निक्षय या सरकारी नोंदणी क्रमांकावर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही वर्ग होते आणि तिथल्या सरकारी केंद्रात मोफत औषध मिळतं. त्यासाठी निघण्याआधी आरोग्य केंद्राला कळवायला हवं. मुकादमांनी टोळीतल्या रुग्णाला दवाखान्यात जायला सवड द्यावी, कारखान्यांनी तळावर गोळ्या पोचतील अशी सोय करावी. आणि आपल्या घरात, शेजारी कुणी हे औषध घेत असेल, तर त्याचं ताट आपल्याच पंगतीत मांडा.