वेल्ह्यातल्या माळ्यावरच्या बॅटऱ्या

पावसाळ्याआधी भोर-वेल्ह्यात सेन्सर बसवायला जाणार असाल, तर तुमच्या सॅकमध्ये १८६५० चे डझनभर सेल असणारच (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, टॉर्चमध्ये असतात तेच). कॅलिब्रेशनवर आपण चार पानं लिहितो, पण हे सेल ठेवायचे कुठे यावर एक ओळही नसते. मग ते जातात आपण जिथे उतरतो त्या घराच्या माळ्यावर, भाताच्या पोत्यांशेजारी. निष्काळजीपणा आपला आणि घर त्यांचं. हे काही बरोबर नाही.

आधी आत काय होतं ते बघा. लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, आणि भोवती पेट घेणारा द्रव. सेल साधारण ९० अंशांच्या पुढे तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता देऊ लागतात. १३० च्या आसपास पडदा वितळतो, आत शॉर्ट होतो, आणि मग सेल स्वतःच स्वतःला तापवत सुटतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. त्यासाठी चार्जर लावलेला असावाच लागतो असं नाही. २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगावला पेटलेली इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याच्या कडेला नुसती उभी होती.

आता मुद्द्याचं. हा भडका किती मोठा होईल, हे बरंचसं सेल किती भरलेला आहे त्यावर ठरतं. म्हणूनच १ एप्रिल २०१६ पासून, नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या मालवाहू विमानाने पाठवायच्या तर चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आपण नेमकं उलटं करतो. फिल्डवर लागतील म्हणून सगळे सेल फुल करून महिनाभर ठेवून देतो. तसं करू नका. ठेवायचे तर ४०-५० टक्क्यांवर, म्हणजे मल्टिमीटरवर ३.७ ते ३.८ व्होल्ट. (लिथियम आयर्न फॉस्फेटचे आकडे वेगळे, ते डेटाशीटवर बघा.) पूर्ण चार्ज लावण्याच्या आदल्या दिवशी, तोही तुमच्या डोळ्यांसमोर. तिकडे पावसात लाइट जाते, मग ‘आली की होईल चार्ज’ म्हणून आपण प्लग तसाच ठेवून झोपतो. लाइट पहाटे तीनला येते, तेव्हा चार्जरकडे बघायला कोणी जागं नसतं.

पूर्ण रिकामा सेलही बरा नव्हे. जूनमध्ये लावलेला लॉगर मी एकदा ऑक्टोबरमध्ये काढला, सेल १.६ व्होल्टवर. मी चार्जरला लावणारच होते, लॅबमधल्या सीनियरने हात धरला. इतक्या खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे जमतं. तिथूनच शॉर्ट. असे सेल, आणि फुगलेले पॅक, थेट ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकलेत तर ते कचऱ्याबरोबर दाबले जातात.

प्रवासाचं सोपं आहे. स्वारगेटहून नसरापूरमार्गे एसटीने जाताना प्रत्येक सेल प्लास्टिकच्या केसमध्ये, टोकांना चिकटपट्टी. सुट्ट्या नाण्यांसोबत एक जरी मोकळा सेल राहिला तरी शॉर्ट व्हायला पुरतो. पिशवी स्वतःजवळ ठेवा. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. कॉन्फरन्सला विमानाने जाताना सुटे सेल आणि पॉवरबँक केबिन बॅगेतच. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की आकडा मिळतो: २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३.७ × २० = ७४.

आणि त्या घरात? माळा नको, चुलीजवळ नको, गवताजवळ नको. फरशीवर, पत्र्याच्या डब्यात, झाकण नुसतं टेकवून. घट्ट लावलंत तर आत वायू कोंडतो. घरच्यांना डबा दाखवा आणि सांगा: फुस्स आवाज किंवा धूर आला की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, तो धूर विषारी असतो. विझवायचंच झालं तर लांबून भरपूर पाणी. राखेने किंवा वाळूने ज्वाळा झाकल्या जातात, पण सेल थंड होत नाही, आणि शेजारचा सेल तापतच राहतो.