'वारली' हा शब्द कोणाचा?

आम्हा शहरवासीयांना 'वारली' हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो साडीच्या काठावर किंवा कापडी पिशवीवर. 'ती वारली दाखवा', असे आम्ही दुकानदाराला सहज सांगतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र हे माणसांचे नाव आहे. तेव्हा हा शब्द कोणाच्या मालकीचा, याचा थोडा विचार करू.

लग्नघरी, कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत. मध्ये पालघट देवी असे. घरच्यांच्या लेखी तो लग्नाचा चौक होता. 1970 नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकारांमुळे ही कला भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तिला देशाबाहेर नेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र घराबाहेर पडले, तेव्हा त्याला बाजारात नाव हवे झाले, आणि जमातीचेच नाव त्याला चिकटले.

ते नाव मग कोणीही कशावरही छापू लागला. त्यावर उपाय म्हणून आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला व 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 1999 च्या कायद्यानुसार हा हक्क समूहाचा असतो. तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि दर 10 वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी कारागिराला आपले नाव नोंदवावे लागते. मुख्य म्हणजे, हे संरक्षण नावाला आहे; त्रिकोणी अंगाच्या माणसांना किंवा तारप्याभोवतीच्या नाचाला नाही. एखाद्या गिरणीने तीच आकृती 'आदिवासी नक्षी' म्हणून छापली, तर हे मानांकन तेथे फारसे कामी येत नाही.

याच शब्दाची दुसरी नोंद 1950 च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात आहे. त्या दाखल्यातले 'वारली' जन्माने मिळते, हस्तकौशल्याने नव्हे. शहरातल्या वर्गात चौक शिकलेला मनुष्य चित्रकार होईल. वारली होणार नाही. त्याने चित्र काढू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते कोणाच्या नावाने विकावे, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारलाच पाहिजे.

कारण या नावाला किंमत पडली आहे. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी जमलेल्या वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही, असा निश्चय केला. त्याआधी जमीनदाराच्या दारी वारली म्हणजे फुकट राबणारा माणूस, एवढीच त्याची ओळख होती. ज्या नावाने आजोबांना वेठीला धरले, त्याच नावावर आज दुसऱ्याने नफा मिळवावा व नातवाच्या हाती काही पडू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

शब्दाला जमिनीसारखा सातबारा नसतो. कायदा बाजारात कुंपण घालील; पण चित्र विकत घेताना ते कोणी काढले, कोणत्या पाड्यावर काढले आणि त्याला त्याचे काय मिळाले, एवढे विचारणे आमच्या हाती आहे. ते विचारण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.