शर्यत कुणाशी?

आपल्याकडे पारावर एकरी उसाच्या टनांची बढाई चालते, तशी हौशी सायकलस्वारांत वेगाची चालते. अमेरिकेत २००९ साली 'स्ट्राव्हा' ही सेवा निघाली. आज ती मोबाईलवर मिळते. उपग्रहाच्या साहाय्याने ती आपले अंतर व वेळ नोंदविते. रस्त्याचे तुकडे ठरलेले असतात; ज्याची वेळ सर्वांत कमी, तो त्या तुकड्याचा 'डोंगराचा राजा'. हे राजेपद टिकविण्यासाठी मग चढाओढ लागते.

२०१० साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एक स्वार उतारावर अपघातात दगावला. गेलेला विक्रम परत मिळविण्यासाठीच तो भरधाव निघाला होता, असे सांगून घरच्यांनी कंपनीवर दावा लावला. २०१३ साली न्यायालयाने तो फेटाळला. जोखीम स्वाराने स्वतःच पत्करलेली!

आपला मुलगाही घाटात सायकल पळवीत असेल, तर त्याला नोंद जरूर ठेवू द्या. आपणही पिकाची नोंदवही ठेवतोच. पण तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी करावी. शेजाऱ्याचे टन ऐकून जादा युरिया टाकला, तर ऊस लोळतो. तो पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. उतारावर गेलेला जीव मात्र परत येत नाही.